रातांब्याखालचं सोडून

पहिल्या दिवशी यंत्र बरोबर न्यायचं नाही
हे मी तिसऱ्या नकारानंतर शिकलो.
हातात नुसती टोपी, चपला खळ्याच्या कडेला,
आणि आधी विचारायचं, विहिरीला पाणी कुठवर.
मग आंबा. मग मुंबैकर कधी येतायत.
मग हळूच:
"तुमच्या खालच्या वाडीत जरा फिरू का?
भाच्याने मस्कतहून एक यंत्र आणलंय,
जमिनीतला धातू सांगतं."

यंत्र म्हटलं की माणसं उठून उभी राहतात.

विष्णू पुजारेने पत्र्याच्या पेटीतून सातबारा काढला.
"मोज नावा."
एकवीस. त्यातली सहा वारलेली,
दोघं एकमेकांशी बोलत नाहीत,
एक न्यूझीलंडला.
"विसांनी होय म्हटल्यानी तरी एकविसावो म्हणतलो,
हंडो गावलो नि लपवल्यानी."
त्याचं खोटं नव्हतं.
मी पाणी पिऊन उठलो.

पलीकडच्या कलमांना तारेचं कुंपण,
फाटकावर धनबहादूर, त्याचा मालक कोल्हापूरला.
त्यानेच फोन लावून दिला बिचाऱ्याने.
"सोनं आहे का तिथं?"
नसावं, म्हटलं.
"मग कशाला?"
आणि फोन ठेवला.

मग कशाला, ह्याचं उत्तर मी घाटीभर चालत शोधलं.
छत्तीस वर्षं खांबावर चढलो,
लोकांच्या घरात वीज सोडली, वादळात तारा जोडल्या,
सगळं वर बघून.
आता खाली बघावंसं वाटतं.
एवढं फोनवर कसं सांगणार?

त्यात आमचा जांभा.
पोटात लोखंड घेऊनच जन्मलेला.
पाऊल टाकलं की यंत्र कुरकुरतं,
इथे आहे, इथे आहे, इथेही.
जमीन कधी नाही म्हणत नाही.
नाही म्हणतात ते सातबारे.

तांबळडेगच्या द्वारका तारीने मात्र
बसायला पाट दिला, कोरी चाय दिली.
सातबारावर तिचं एकटीचं नाव.
"गावला तर कोणाचा?"
तुमचा. लय जुना असला तर तहशीलदाराक दाखवूचा लागात.
"आणि खड्डे?"
बुजवतंय.
"मगे फिर खयंय. त्या रातांब्याखाली मात्र नको."
थय राखणदार आसा काय, काकी?
ती होय म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.
चटईवरची सोलं उलटी करत राहिली,
बोटं मनगटापर्यंत लाल.

दुसऱ्या दिवशी यंत्र घेऊन गेलो.
दुपारपर्यंत सापडलं ते असं:
होडीचे खिळे अकरा,
बाटलीची झाकणं (ही मोजली नाहीत),
कोयत्याचं पातं, मूठ कुजून गेलेली,
आणि एक भोकाचा पैसा, हिरवा पडलेला.
पैसा तिच्या हातावर ठेवला.
तिने पदराने पुसला, डोळ्याला लावला,
भोकातून खाडीकडे बघितलं,
मग माझ्याकडे.
"तू बारीक दिसतंस," म्हणाली.

परतताना वाट रातांब्याजवळूनच होती.
यंत्र बंद करायचं राहिलं, खरंच राहिलं.
आणि ते वाजलं.
जांभ्यासारखं कुरकुरत नाही,
एकच लांब, स्वच्छ, ओळखीचा सूर,
जसं कुणी हाक मारावी नि थांबावं.

तिचा हात सोलांवर थांबला.
मी मान वर केली नाही.
बटण शोधायला मला जरा जास्तच वेळ लागला.

"जांभो, काकी," म्हटलं.
"जांभो असोच बोलता."

बराच वेळ नुसती समुद्राची गाज.
मग ती म्हणाली,
"होय. जांभोच तो."

मी माझे खड्डे बुजवले,
पायाने दाबले, वर पातेरा पसरला.
पिशवीत तिने पसाभर ओली सोलं घातली.
घरी आलो तर यंत्राच्या दांड्याला
तिच्या बोटांचा लाल डाग.
तिने तो कधी धरला होता
ते काही केल्या आठवत नाही.